श्रीतुकोबारायांची नाममुद्रा

वाचकहो, मागल्या आषाढीनंतर एक तरुण गृहस्थ आमच्याकडे आले होते. हातात अभंगांची वही. शंभरावर अभंग लिहिलेले. अक्षर सुवाच्य, वृत्तही बरे साधलेले. वही आमच्यापुढे ठेवून ते म्हणाले की, लिहून तर पुष्कळ झाले, पण लोकांत नाव कसे व्हावे? आज लिहिणारे उदंड आहेत. त्या गर्दीत आपली लेखणी चटकन ओळखू यावी, आपला शिक्का निराळा उमटावा, यासाठी काय करावे? प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून आम्हांस त्याचा राग आला नाही. उलट थोडे हसूही आले; कारण त्यांच्या वयाचे असताना आम्हीही हाच प्रश्न मनात घेऊन हिंडत होतो. ती हकीकत पुढे येईलच. आम्ही त्यांना इतकेच सांगितले की, महाराष्ट्रात ज्यांचा शिक्का सर्वांत जास्त ओळखला जातो त्यांचे चरित्र आपण एकदा याच प्रश्नाच्या उजेडात पाहू. तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

तो शिक्का कोणता हे सांगायला नकोच. ‘तुका म्हणे’ ही चार अक्षरे कानांवर पडली की, बांधावर उभा असलेला शेतकरी असो की ग्रंथात बुडालेला पंडित असो, मान डोलावतो. पुढचे शब्द अजून यायचे असतात, तरी ऐकणाऱ्याची खात्री पटलेली असते. कवितेच्या शेवटी नाव घालण्याची ही चाल तुकोबांनी सुरू केली नाही. नामदेवरायांची, चोखोबांची, सेना महाराजांची मुद्रा त्यांच्या आधीची. नाथांनी तर आपल्या नावाला सद्गुरूंचे नाव जोडून ‘एका जनार्दनी’ अशी मुद्रा केली. छापखाना नव्हता, पुस्तकावर नाव नव्हते. अभंग एका तोंडातून दुसऱ्या तोंडी जायचा. तेव्हा कर्त्याचे नाव अभंगाच्या पोटातच घालून द्यावे लागे. वाटेत कागद हरवला तरी नाव हरवू नये, अशी ती व्यवस्था.

पण या व्यवस्थेत एक मोठी फट होती, ती आधी ध्यानात घ्या. अभंगाच्या शेवटच्या कडव्यातील पहिला चरण बहुधा सहा अक्षरांचा. त्यात ‘तुका म्हणे’ ही चार अक्षरे बसतात आणि दोन अक्षरे उरतात. आता ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’, ‘सेना म्हणे’, ‘निळा म्हणे’ ही मोजून पाहा. सगळी चार-चारच! म्हणजे एक नाव उचलून दुसरे ठेवले तरी चालीला धक्का लागत नाही, टाळाचा ठेका चुकत नाही. कुलपाला शंभर किल्ल्या लागाव्यात तसे हे झाले. नामदेवरायांच्या आणि पुढे झालेल्या विष्णुदास नाम्याच्या रचना एकमेकांत इतक्या मिसळल्या आहेत की त्या निवडता निवडता अभ्यासकांना घाम फुटतो. असे असूनही तुकोबांची मुद्रा तीनशे सत्तर वर्षांत पुसली गेली नाही. मग ते राखण कशाने झाले? नुसत्या नावाने नव्हे, एवढे तर उघड आहे.

आता चरित्राकडे वळू. श्रीक्षेत्र देहू हे इंद्रायणीकाठचे गाव. तेथल्या मोरे घराण्यात बोल्होबा आणि कनकाई यांच्या पोटी तुकोबांचा जन्म झाला. जन्मशकाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. शके १५३०, म्हणजे इ.स. १६०८, हे साल सामान्यतः धरले जाते. घरात विठ्ठलाची उपासना पिढीजात होती. पूर्वज विश्वंभरबाबांपासून विठ्ठलाचे देऊळ घराकडे, आणि देहूच्या पेठेची महाजनकीही घराकडे. शेती होती, सावकारी होती, दुकान होते. थोरले सावजी विरक्त वृत्तीचे, धाकटे कान्होबा लहान. म्हणून व्यापाराचा भार कोवळ्या वयात मधल्या तुकोबांवर आला. तराजू, माप, वही, खत, ऋण, भांडवल, तोटा यांतच त्यांची उमेद गेली. ही माणसे आणि हे शब्द पुढे त्यांच्या वाणीत उतरले. लिहिताना त्यांना शब्द शोधायला परगावी जावे लागले नाही. दुकानात होते तेच त्यांनी देवापुढे मांडले.

घराचे दिवस फार काळ चांगले राहिले नाहीत. आईवडील गेले, भावजय गेली, सावजी तीर्थाटनास निघून गेले. त्यावर शके १५५१-५२ चा तो भयंकर दुष्काळ आला. इ.स. १६२९ ते १६३१ या सालांत दख्खनेत अन्नावाचून माणसे रस्त्यारस्त्याने पडली. तुकोबांचे दिवाळे निघाले, पत गेली, लोकांत तोंड दाखवण्याची लाज वाटू लागली. पहिली पत्नी रखुमाबाई अन्न अन्न करीत गेली. मुलगाही गेला. ज्या माणसाचे नाव बाजारपेठेत खणखणीत वाजत होते, त्या नावाला आता कोणी कवडीचे उधार देईना. वाचकहो, नाव म्हणजे काय आणि ते एका मोसमात कसे मातीला मिळते, हे तुकोबांनी कवी होण्याच्या आधीच पुरते पाहून घेतले होते. पुढे एका अभंगात दिवाळे निघाले ते बरेच झाले, दुष्काळाने पिडले तेही बरेच झाले, असे त्यांनी देवाला सांगितले आहे. हे म्हणायला काय छाती लागत असेल!

या होरपळीनंतर ते भामनाथाच्या, भंडाऱ्याच्या डोंगरावर एकान्तात बसू लागले. परंपरा सांगते की, घरातल्या कर्जखतांचे त्यांनी दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. ज्यांच्याकडे येणे होते ते सारे मोकळे झाले. सावकाराच्या वहीतले आपले नाव त्यांनी आपल्या हाताने बुडवले. नंतर पडझड झालेले विठ्ठलाचे देऊळ नीट करण्यास हात घातला. एकादशीला कीर्तन करू लागले; पण सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हते, हेही त्यांनीच सांगून ठेवले आहे. मग संतांची वचने विश्वासाने, आदराने पाठ केली. दुसरे कोणी पुढे गात असता आपण मागे उभे राहून ध्रुपद धरले. संतांचे चरणतीर्थ घेतले, अंगमेहनतीने जमेल तो उपकार केला.

आमच्या तरुण मित्रांनी येथे क्षणभर थांबावे. ज्यांच्या चार अक्षरांनी महाराष्ट्र डोलतो, त्यांनी आधी दुसऱ्यांच्या नावाचे अभंग पाठ केले. नामदेवांची मुद्रा, ज्ञानदेवांची मुद्रा, नाथांची मुद्रा तोंडात घोळवली. आपले नाव घालण्याची घाई केली नाही. मागे उभे राहून ध्रुपद धरणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. पण सूर बसतो तो तेथेच.

पुढे माघ शुद्ध दशमीस, गुरुवारी, बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात उपदेश केला. दुसऱ्या एका स्वप्नात नामदेवराय पांडुरंगाला बरोबर घेऊन आले आणि शतकोटी अभंगांचा आपला संकल्प उरला आहे तो पुरा कर, अशी आज्ञा झाली. दोन्ही प्रसंग तुकोबांनी स्वतः अभंगांत सांगितले आहेत. यातील मर्म बघा. कवित्व सुरू झाले ते आपले नाव करण्यासाठी नाही, तर दुसऱ्याचे अपुरे काम पुढे नेण्यासाठी. तुकोबा पुन्हा पुन्हा सांगतात की बोलणारा मी नव्हे, बोलविता निराळा. मी नुसता भार वाहणारा. मग मुद्रा का घातली? आम्हांस असे वाटते की, ती मालकीची खूण म्हणून नव्हे, जामिनकीची सही म्हणून घातली. व्यवहारात कागदावर सही करणारा काय म्हणतो? की उद्या यात खोट निघाली तर मला धरा. ‘तुका म्हणे’ म्हणजे या बोलास तुका बांधलेला आहे. बोल देवाचा, जबाबदारी तुक्याची. आणि नावही किती उघडे ठेवले ते पाहा. तुकाराम नाही, कुळ नाही, महाजन नाही, कसली पदवी नाही. घरात आई हाक मारील तेवढेच, तुका.

ही जामिनकी लवकरच वसूल झाली. शूद्राच्या तोंडून वेदांचा अर्थ बाहेर पडतो, लोक त्यास गुरू मानतात, ब्राह्मणही पाया पडतात, हे काहींना सोसवेना. वाघोलीचे रामेश्वर भट्ट मोठे विद्वान. त्यांच्याकडून असा निर्णय आला की अभंग करू नयेत, आणि केलेल्या वह्या पाण्यात बुडवाव्यात. तुकोबांनी वह्या इंद्रायणीच्या डोहात सोडल्या. एकदा ऋणकोंची खते सोडली होती ती आनंदाने. या वेळी काळीज सोडले. मग काठावरील शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. पाण्यात कागद राखल्याबद्दल तुकोबांनी देवाचे आभार मानलेले अभंगही आहेत. देहूस भिजकी वही या नावाने एक जुनी वही जपलेली आहे.

एखादा दुसरा असता तर या विजयाचा केवढा डंका वाजला असता! तुकोबांनी काय केले? त्यांनी देवाची क्षमा मागितली. कोणी मानेवर सुरी ठेवली नव्हती, कोणी पाठीत मारले नव्हते, तरी आपण एवढा आकांत मांडला आणि देवाला वह्यांसाठी पाण्यात उभे केले, हा आपला मोठा अन्याय झाला, असे ते म्हणतात. शत्रूविरुद्ध एक शब्द नाही. हिशेब निघाला तो स्वतःविरुद्ध. वाचकहो, तुकोबांच्या मुद्रेची खरी ओळख आम्हांस येथे सापडते. पुढे हेच रामेश्वर भट्ट तुकोबांना शरण आले. त्यांनी तुकोबांची आरती रचली, आणि तीत आपले नाव घातले ते चरणांवर मस्तक ठेवणारा म्हणून. ज्यांनी तुकोबांच्या वह्या बुडवायला लावल्या त्यांचे नाव आज वारकऱ्यांच्या तोंडी आहे ते याच आरतीमुळे.

वह्यांवर एक संकट पाण्याचे आले, दुसरे आले ते माणसाचे. सालोमालो नावाचा कोणी हरिदास तुकोबांचे अभंग घेऊन, मोडतोड करून, त्यांत आपले नाव घालून गात असे. वर सांगितलेली चार अक्षरांची फट त्याला बरोबर सापडली. तुकोबांना हे कळले आणि त्यांस त्याचे दुःखही झाले. ते काही लपवून ठेवले नाही. गाथ्यात सालोमालोचे नाव घेऊन अभंग आहेत. पण तक्रार कशाची आहे ते पाहा. माझे चोरले, माझी कीर्ती गेली, असा सूर तेथे नाही. संतांची वचने मोडून हे आपले दागिने घडवतात आणि हरिदास या नावाचाच नाश करतात, हा राग आहे. साहित्यातली चोरी वाईट का, याचे याहून नेमके उत्तर आम्हांस ठाऊक नाही. चोराने कर्त्याची मिळकत पळवली एवढेच नव्हे. त्याने ऐकणाऱ्याचा विश्वास पळवला. ज्या बोलामागे भोगलेले आयुष्य असेल असे समजून लोक मान डोलावतात, त्यामागे काहीच नसते.

याच सुमारास खऱ्या मुद्रेची वाट कशी चालली होती? शिऊरच्या संत बहिणाबाई तेव्हा कोल्हापुरास होत्या. जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले. देहू कोठे, कोल्हापूर कोठे! तुकोबांना त्यांनी पाहिले नव्हते. पण त्या अभंगांनी मनाची अशी तळमळ झाली की, तुकोबांनाच सद्गुरू मानून त्या पुढे देहूस आल्या. ही हकीकत त्यांनी आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवली आहे. न पाहिलेल्या माणसाची एवढी ओळख पटावी, ही मुद्रेची कमाई. आणि ती नेणारे कोण, तर दुसरेच कोणी कीर्तनकार.

तुकोबांच्या मागे टाळ धरून उभे राहणारे चौदा टाळकरी होते असे सांगतात. त्यांत चाकणचे संताजी जगनाडे तेली आणि गंगाराम मवाळ हे लेखनाचे काम करीत. धाकटे बंधू कान्होबाही अभंग करीत. त्यांची मुद्रा आम्हांस फार गोड वाटते. त्यांनी स्वतःचे नाव न घालता ‘तुकयाबंधु’ अशी सही केली. भावाच्या नावाचा उपयोगही केला आणि त्यात तिळभर चोरीही नाही. सालोमालो आणि कान्होबा, दोघांनीही तुकोबांच्या मुद्रेला हात लावला. एकाने ती खोडली, दुसऱ्याने तिला नाते जोडले.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, इ.स. १६५० मध्ये, तुकोबा वैकुंठास गेले. वय बेचाळिसाच्या आसपास. कान्होबांनी भाऊ परत दे म्हणून देवाशी मांडलेले भांडण गाथ्यात आजही वाचायला मिळते. धाकटे पुत्र नारायणमहाराज यांचा जन्म त्यानंतरचा, त्यांनीच इ.स. १६८५ मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीस नेण्याचा प्रघात पाडला. ताहराबादच्या महिपतींनी इ.स. १७७४ मध्ये ‘भक्तलीलामृत’ ग्रंथात तुकोबांचे चरित्र विस्ताराने गायिले. पुढे मुंबई सरकारच्या साह्याने इंदुप्रकाश छापखान्यातून इ.स. १८६९ आणि १८७३ अशा दोन भागांत गाथा छापून निघाला; विष्णु परशुराम पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी जुन्या हस्तलिखित वह्या ताडून तो सिद्ध केला. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांनी संताजींच्या वह्यांवरून गाथा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यास अस्सल हेच विशेषण लावले. चार-साडेचार हजार अभंगांत कोणता खरा, कोणता मागाहून घुसलेला, हा वाद पंडित करीत आले आहेत आणि करीत राहतील. तो व्हावाही. खऱ्या नाण्याचीच नक्कल होते. कवडीची नक्कल कोण करील?

आता आमची हकीकत. ती सांगताना आजही संकोच वाटतो. विशीत असताना आम्हीही अभंग करू लागलो होतो. कोणी ऐकून घेईना. तेव्हा एका गावच्या सप्ताहात आम्ही धिटाई केली. स्वतःचा एक अभंग घेतला, शेवटी ‘तुका म्हणे’ घातले आणि खड्या आवाजात म्हटला. ढोंगी बुवांवर त्यात झणझणीत कोरडे ओढले होते. लोक खूष झाले, टाळ्याही पडल्या. आम्ही मनात फुलून गेलो. कीर्तन उठल्यावर म्हातारे विणेकरी आम्हांला देवळामागे घेऊन गेले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. गाथा मात्र बराचसा मुखोद्गत. त्यांनी हळूच विचारले की, बाळा, हा अभंग कोणाचा? आम्ही म्हटले, तुकोबांचा. ते म्हणाले की, नाही रे, यात सगळ्यांना शिव्या आहेत, पण तुक्याला एकही नाही. तुकोबा दुसऱ्याला कोरडा मारतात तेव्हा पहिला वळ आपल्या पाठीवर उठवून घेतात. झालं! आमच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, हे त्यांचे उपकार. त्या दिवसापासून आम्ही दुसऱ्याची मुद्रा कधी उचलली नाही, आणि स्वतःची घालतानाही हात थोडा कापतो.

तुकोबांचे वळण कोणाला साधतच नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ बोलपटात शांताराम आठवले यांनी बीज आणि वृक्षाचे एक पद लिहिले. ते इतके सहज उतरले की अनेकांनी ते तुकोबांचेच समजले. त्याच बोलपटात सालोमालोची चोरीही दाखवली आहे. आठवल्यांनी चोरी केली नाही, भक्तीने वळण गिरवले आणि आपले नाव आपल्याजवळ ठेवले. गिरवणे आणि लुबाडणे यांत हा असा फरक आहे.

तर आमच्या तरुण मित्रांना काय सांगावे? आपली वही आम्ही पुरी वाचली. तीत आपले नाव शंभर ठिकाणी आहे. पण आपण स्वतः दोन-तीन ठिकाणीच भेटलात. एका अभंगात आपण धाकट्या भावाशी वाटणीवरून झालेल्या भांडणाची लाज सांगितली आहे. शब्द ओबडधोबड आहेत, एक अक्षर जास्तही झाले आहे. पण तेथे आम्ही थबकलो, आणि नाव न वाचताच ओळखले की हे दुसऱ्या कोणाचे नव्हे. तेवढा एक अभंग आम्ही ठेवून घेतला आहे. बाकीचे परत पाठवीत आहोत. राग मानू नये. काही दिवस मागे उभे राहून ध्रुपद धरा. जे भोगले ते लिहा, आणि हिशेब आपल्यापासून सुरू करा. मुद्रा शेवटच्या कडव्यात घालायची असते खरी, पण तिची अक्षरे त्याआधीच्या सगळ्या कडव्यांत भरावी लागतात.

रामकृष्णहरि.